माणसाच्या आधी उतरणारे यंत्र

विहीर जुनी असली, बरीच वर्षे तिचा उपसा झालेला नसला, तर गाळ काढण्यासाठी आलेला जाणता माणूस प्रथम स्वतः आत उतरत नाही. तो दोरीला पेटता कंदील बांधतो आणि हळूहळू खाली सोडतो. ज्योत शांतपणे तेवत राहिली तर तो कमरेला दोर बांधतो. ज्योत फडफडून विझली तर विहिरीच्या तोंडावरूनच परत फिरतो. तळाशी साचलेल्या जड वायूने प्राणवायूची जागा घेतली आहे, हे त्याला रसायनशास्त्राच्या पुस्तकाने शिकवलेले नसते. आत गेलेला आणि परत न आलेला कोणीतरी त्याच्या आठवणीत असतो, एवढेच त्याचे शास्त्र. कोकणात, देशावर आणि गोव्यात, जेथे विहिरीला 'बांय' म्हणतात, ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे.

आज ज्याला 'रोबो' किंवा यंत्रमानव म्हणतात, त्या छोट्या शोधयंत्रांचा इतिहास या कंदिलापासूनच सुरू होतो असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. जेथे जाण्यात जिवाला धोका आहे तेथे माणसाच्या आधी दुसरे काहीतरी पाठवावे, त्याच्याकडून आतली बातमी आणावी आणि मगच माणसाने पाऊल टाकावे, हा विचार दोहोंच्या मुळाशी एकच आहे. कंदील फक्त एक बातमी आणतो, आणि तीही कधीकधी अपुरी. कारण गटारात साचणारा विषारी वायू ज्योत न विझवताही माणसाचा प्राण घेऊ शकतो. यंत्रमानव पुष्कळ बातम्या आणतो. परंतु दोर धरून वर उभ्या असलेल्या माणसाची चिंता तीच असते.

या विचाराची पहिली मोठी कसोटी युरोपातील कोळशाच्या खाणींत लागली. १८१२ साली इंग्लंडच्या उत्तरेकडील फेलिंग येथील खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मरण पावली. खाणीत झिरपणारा ज्वालाग्राही वायू कामगाराच्या उघड्या दिव्याने पेट घेत असे. सर हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८१५ मध्ये ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवून सुरक्षित दिवा तयार केला. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेई, त्यामुळे आतली ज्वाला बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नसे. ज्योतीचा रंग व उंची पाहून वायूचे प्रमाणही अजमावता येई. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने खाणीत पिंजऱ्यातून कॅनरी पक्षी नेण्याची सूचना केली. विषारी वायूचा परिणाम या चिमुकल्या पाखरावर माणसाच्या आधी होतो. ते दांडीवरून खाली पडले की कामगारांनी माघारी फिरावे, असा संकेत होता. ब्रिटनमधील खाणींतून या पाखरांना १९८६ साली निरोप मिळाला आणि त्यांच्या जागी वायुमापक यंत्रे आली.

परंतु डेव्हीच्या दिव्याच्या कथेला एक दुसरी बाजू आहे, आणि ती विसरली जाते. दिवा आल्यानंतर खाणींतील अपघात अपेक्षेप्रमाणे कमी झाले नाहीत. पूर्वी ज्या वायूमय थरांत जाण्याचे धाडस मालक करीत नसत, त्या थरांत आता दिव्याच्या भरवशावर कामगारांना धाडले जाऊ लागले. धोका कमी करणारे साधन धोका वाढवण्याचे निमित्तही होऊ शकते, हा धडा त्या काळापासून इतिहासात नोंदलेला आहे. शोधयंत्रांची पुढील वाटचाल पाहताना तो ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

'रोबो' हा शब्दही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या नाटकातून तो जगभर पसरला. तो सुचवला होता त्यांचे बंधू जोसेफ यांनी. मूळ चेक शब्दाचा अर्थ आहे वेठ, सक्तीने करून घेतलेले श्रम. माणसाची वेठ यंत्राने करावी, ही कल्पना अशा रीतीने त्या शब्दाच्या पोटातच आहे. प्रत्यक्षात मात्र यंत्राने माणसाची वेठ सोडवण्याचा प्रसंग बराच उशिरा आला.

२८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज केंद्रात अपघात झाला. अणुभट्टीच्या इमारतीचे तळघर किरणोत्सर्गी पाण्याने भरले. तेथे माणूस पाठवणे शक्य नव्हते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील विल्यम व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा चाकांचे एक यंत्र बनवले आणि १९८४ मध्ये ते दोरखंडाने खाली सोडण्यात आले. त्याने छायाचित्रे आणली, नमुने आणले. विहिरीत सोडलेला कंदील जणू आता पाहू आणि स्पर्श करू लागला होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ एप्रिल १९८६ रोजी, सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथील भट्टीचा स्फोट झाला. छपरावर उडून पडलेले किरणोत्सर्गी ग्राफाइटचे तुकडे दूर करण्यासाठी तेथेही यंत्रे चढवण्यात आली. त्यांतील काही चंद्रावर पाठवलेल्या गाड्यांच्या अनुभवावरून बनवलेली होती. तीव्र किरणोत्सर्गापुढे त्यांतील बरीच यंत्रे निकामी झाली. काही ढिगाऱ्यात अडकली. शेवटी ते काम माणसांच्याच अंगावर आले. शिशाचे पत्रे अंगाला बांधून सैनिक छपरावर धावत, एक-दोन फावडी ढिगारा खाली लोटत आणि मिनिट-दीड मिनिटात परतत. या माणसांना नाव पडले 'जैविक रोबो'. यंत्र हरले की माणसाला यंत्राचे नाव द्यावे लागते, ही त्या शतकातील एक अत्यंत दारुण गोष्ट होय.

आता या सर्व हकिगतीचा साखळीशी काय संबंध, असा प्रश्न सहजच उभा राहील. वाळवंटी नदीच्या काठी वसलेले, राण्यांच्या इतिहासाने गाजलेले हे गाव जांभ्या दगडाच्या प्रदेशात आहे. गावालगतच्या हरवळे येथील लेणी याच जांभ्यात कोरलेली आहेत. लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. जांभा खणताना मऊ, उघड्यावर पडला की कठीण, पण आतून सच्छिद्र. पावसाचे पाणी तो पोटात घेतो, आणि मुरलेल्या पाण्याने त्याच्या खालचे मातीचे थर ढिले होतात. जमिनीच्या पोटात काय चालले आहे हे वरून कळत नाही, ही या भूमीची जुनीच खोड आहे.

या जांभ्याच्या खाली लोहखनिज आहे, आणि त्यानेच विसाव्या शतकात डिचोली तालुक्याचे रूप पालटले. पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या फर्मानाने खाणींचे परवाने देण्याची व्यवस्था झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि १९५० नंतरच्या दशकात साखळी, डिचोली, शिरगाव, पाळी या परिसरात खणकामाला वेग आला. खनिज ट्रकांनी नदीकाठी येई, आमोण्यासारख्या धक्क्यांवर बार्जांत भरले जाई आणि मांडवीतून मुरगाव बंदराकडे जाई. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला; परवाने चालूच राहिले, आणि १९८७ च्या कायद्याने त्यांचे रूपांतर खाणपट्ट्यांत करण्यात आले.

येथील खाणी कोळशाच्या खाणींसारख्या भुयारी नव्हेत, उघड्या आहेत. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत खाली जायचे, अशी त्यांची पद्धत. परंतु खणता खणता हे खंदक भूजलाच्या पातळीखाली गेले. काही तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले. खाण चालू असते तोवर पंप पाणी उपसत असतात. खाण थांबली की पंप थांबतात, आणि एका-दोन पावसाळ्यांतच खंदकाचा जलाशय होतो. गोव्यात हे मोठ्या प्रमाणावर घडले. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. २०१४ च्या निकालानंतर ते मर्यादित स्वरूपात सुरू झाले. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये यंत्रे पुन्हा थंडावली. २०२२ च्या अखेरीस नव्या पद्धतीने पट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीत खणकामास पुन्हा आरंभ झाला. या सर्व वर्षांत खंदकांत पाणी मात्र भरत राहिले.

हे पाणी शाप आहे की वरदान, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. साखळी येथील जुन्या खाणीच्या जागी झाडे लावून ती भूमी पुन्हा हिरवी करण्यात आली. खंदकाच्या पाण्यात मत्स्यपालनाचाही प्रयोग झाला. उन्हाळ्यात टंचाई भासली म्हणजे असे साठे डोळ्यांपुढे येतात. परंतु त्या पाण्याच्या तळाशी काय आहे? गाळ किती साचला आहे? पाण्याखालच्या उभ्या कडा कोठे पोखरल्या आहेत? बांध कोणत्या बाजूस कमकुवत आहे? वरून दिसणारे हिरवेनिळे शांत पाणी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. पाणबुड्याला अशा ठिकाणी उतरवणे म्हणजे त्या जुन्या विहिरीत कंदिलावाचून माणूस सोडण्यासारखेच होय.

बंद खाणीत साचलेले पाणी किती घातक ठरू शकते, हे भारताने फार मोठी किंमत देऊन जाणले आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथील कोळशाच्या खाणीत जुन्या कामाच्या जागी साठलेले पाणी घुसले आणि ३७५ कामगार गतप्राण झाले. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील क्वेक्रीक येथेही शेजारच्या बंद खाणीतील पाणी असेच फुटले. तिचा जो नकाशा कामगारांच्या हाती होता तो अपुरा होता. भिंत जेथे दूर असावयास हवी होती तेथे ती जवळ निघाली. तेथे मात्र अडकलेले नऊही कामगार वरून छिद्र पाडून जिवंत बाहेर काढण्यात आले.

या घटनेतून एक नवीन काम निर्माण झाले: बंद पडलेल्या खाणींचे खरे नकाशे तयार करणे. ज्या व्हिटेकरांनी थ्री माइल आयलंडसाठी यंत्र बनवले होते, त्यांच्याच संस्थेने 'ग्राउंडहॉग' नावाचे यंत्र तयार केले. ३० मे २००३ रोजी ते पेनसिल्व्हेनियातील मॅथिस या बंद खाणीत शिरले. भूमीच्या पोटात रेडिओलहरी पोहोचत नाहीत, उपग्रहाचे मार्गदर्शन मिळत नाही. म्हणून दोरी नाही आणि हुकूमही नाही अशा स्थितीत त्याला स्वतःच वाट शोधावयाची होती. लेसर किरण भिंतीवर टाकून, परत येणाऱ्या किरणावरून अंतर मोजत, चालता चालताच ते नकाशा रेखाटत गेले. सुमारे तीनशे मीटरवर छताची कोसळलेली तुळई आडवी आली, तेव्हा पुढची वाट बंद आहे असे त्याने स्वतःच ठरवले. थांबावे केव्हा हे कळणे, ही यंत्राच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

पाण्याने भरलेल्या खाणीत हे काम आणखी अवघड होते. पाण्यात प्रकाश दूर जात नाही. गढूळ पाण्यात तर हातभरही नाही. तेथे ध्वनीचाच आधार. वटवाघूळ जसे आवाज सोडून प्रतिध्वनीवरून भिंत ओळखते, तसे पाण्यातील यंत्र ध्वनिलहरींनी चाचपडत पुढे सरकते. युरोपातील काही विद्यापीठांनी व संशोधनसंस्थांनी मिळून 'यूएक्स-१' नावाचा, साठ सेंटिमीटर व्यासाचा एक गोल यंत्रमानव तयार केला, तो अशाच बुडालेल्या खाणींसाठी. २०१८ मध्ये फिनलंड आणि स्लोव्हेनियात, व २०१९ मध्ये पोर्तुगालमधील उर्झेइरिसा येथील युरेनियमच्या बंद खाणीत त्याच्या चाचण्या झाल्या. ज्या देशाच्या कायद्याने डिचोलीच्या डोंगरांवर पहिले परवाने दिले गेले, त्याच देशाला आपल्या बुडालेल्या खाणीत यंत्र उतरवून पाहावे लागले, हा इतिहासाचा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

असे यंत्र गोव्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तेथील एल्गर देसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'माया' नावाचे स्वयंचलित पाणयंत्र तयार केले, आणि त्यासाठी लिस्बनमधील तंत्रसंस्थेशी सहकार्य केले. पावणेदोन मीटरांच्या आसपास लांबी, पन्नास-पंचावन्न किलो वजन, माशासारखा निमुळता देह. ते पाण्यात ठरलेल्या मार्गाने एकटे जाते, तापमान, क्षारता, विरलेला प्राणवायू यांची नोंद घेते आणि परत येते. ते समुद्राच्या अभ्यासासाठी जन्मले आहे, खाणींसाठी नव्हे. तथापि मांडवीच्या मुखाशी ज्या भूमीने असे यंत्र घडवले, त्या भूमीला मांडवीच्या वरच्या अंगाच्या खंदकांचा तळ अज्ञात ठेवण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्रातही या विद्येची एक शाखा आहे. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण खात्याच्या अभियांत्रिकी संशोधन संस्थेने 'दक्ष' हे यंत्र विकसित केले. संशयित बाँब असलेल्या ठिकाणी ते जिने चढून जाते, क्ष-किरणांनी वस्तूचे अंतरंग पाहते आणि पाण्याच्या जोरदार झोताने ती निकामी करते. ते चालवणारा सैनिक शेकडो मीटर दूर असतो. २०११ मध्ये ही यंत्रे लष्कराच्या स्वाधीन होऊ लागली.

परंतु यंत्राकडून चमत्काराची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. १३ डिसेंबर २०१८ रोजी मेघालयातील क्सान येथे उंदरांच्या बिळासारख्या अरुंद कोळसाखाणीत नदीचे पाणी घुसून निदान पंधरा कामगार अडकले. अशा खाणींवर २०१४ पासून बंदी होती. नौदलाने दोरीने चालवण्याचे छोटे पाणयंत्र आत सोडले. १७ जानेवारी २०१९ रोजी त्याला एक मृतदेह दिसला. माणसे जिवंत असताना ते तेथे पोहोचू शकले नव्हते. जपानमधील फुकुशिमाच्या अणुकेंद्रात २०११ साली 'क्विन्स' हे यंत्र आत गेले. त्याची तार तुटली आणि ते इमारतीतच अडकून पडले. उत्तराखंडातील सिल्क्यारा बोगदा १२ नोव्हेंबर २०२३ रोजी कोसळून ४१ कामगार कोंडले गेले. सहा इंची नळीतून सोडलेल्या कॅमेऱ्याने त्यांचे चेहरे नवव्या-दहाव्या दिवशी जगाला दाखवले. ती बातमी अमोल होती. परंतु मोठे छेदनयंत्र लोखंडी सळयांत अडकून मोडले, आणि शेवटचे मीटर हातांनी खणून वाट मोकळी केली ती बिळांतून काम करणाऱ्या गरीब खाणकामगारांनीच. २८ नोव्हेंबरला सर्व ४१ जण बाहेर आले.

यावरून यंत्र निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. यंत्राचे खरे काम अपघात घडल्यानंतरचे नसून अपघाताच्या आधीचे आहे, असाच याचा अर्थ आहे. कंदील माणूस गुदमरल्यावर सोडावयाचा नसतो. तो उतरण्यापूर्वी सोडावयाचा असतो.

आणि येथेच या विषयाचे मर्म आहे. खाणी आणि अणुभट्ट्या दूर राहोत; शहरांच्या रस्त्याखालच्या गटारांत आजही माणसे उतरतात आणि मरतात. २०१३ च्या कायद्याने पुरेशा संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवण्यास मनाई केली. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपये ठरवली. केरळमधील काही तरुण अभियंत्यांनी या कामासाठी 'बँडिकूट' नावाचे यंत्र तयार केले आणि २०१८ साली ते तिरुवनंतपुरमच्या गटारांत उतरवले. बँडिकूट म्हणजे आपली घूस. घुशीने करावयाचे काम माणसाकडून शतकानुशतके करवून घेतले गेले, आणि तेही ठरावीक जातींच्या माणसांकडून. हे नाव त्याची आठवण करून देते. यंत्र तयार आहे, कायदा तयार आहे. पण कंत्राटाच्या हिशेबात माणूस अजूनही यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. जोवर हा हिशेब बदलत नाही, तोवर चापेकच्या शब्दातील वेठ यंत्राच्या वाट्याला न जाता माणसाच्याच वाट्याला राहील.

डेव्हीच्या दिव्याचा धडा हाच आहे. साधन आले म्हणून धोका टळत नाही. साधनाचा उपयोग कोणासाठी होतो यावर सारे अवलंबून असते. दिवा कामगाराच्या जिवासाठी वापरला तर तो जीव वाचवतो. अधिक खोल, अधिक वायूमय थरातला कोळसा काढण्यासाठी वापरला तर तो जीव घेण्यास मदत करतो. डिचोलीच्या खंदकांत उद्या एखादे पाणयंत्र उतरले, तर त्याने आणलेली बातमी पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पोहोचते की केवळ नव्या खणकामाच्या कागदपत्रांत बंद होते, यावर त्याचे मोल ठरेल.

वाळवंटीला पावसाळ्यात पूर येतो तेव्हा साखळीची बाजारपेठ वरच्या अंगाकडे डोळे लावून बसते. पाणी किती चढले, अजून किती चढेल, हे आधी कळले तर दुकानातला माल माळ्यावर चढवता येतो, म्हाताऱ्या माणसांना उंचावर नेता येते. आधी कळणे म्हणजेच अर्धे वाचणे. विहिरीत कंदील सोडणाऱ्या त्या निरक्षर माणसाला हे ठाऊक होते. त्याच्या कंदिलाला आता डोळे, कान आणि चाके आली आहेत. दोर कोणाच्या हाती आहे, आणि ज्योत विझल्यावर तो वर उभा असलेला माणूस खरोखरच मागे फिरतो की नाही, एवढाच प्रश्न उरला आहे.